एप्रिल-मेमध्ये हिमालयात जाताय? बर्फाचा उतार आणि घड्याळ, दोन्ही बघून चाला

परीक्षा संपल्या की चंदीगड आणि डेहराडूनकडे जाणाऱ्या गाड्यांत मराठी सॅकवाल्यांची गर्दी दिसू लागते. सर पास, रुपिन पास, ब्यास कुंड, केदारकंठा ही नावं एव्हाना राजगड-तोरण्याइतकी ओळखीची झाली आहेत. यातल्या बहुतेकांनी सह्याद्री भरपूर तुडवलेला असतो, दमसास चांगला असतो, बर्फावर मात्र पहिल्यांदाच पाय पडणार असतो. हा लेख त्यांच्यासाठी.

‘थंडी संपली, आता कसलं हिमस्खलन?’ असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. ४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोकहून नाथू लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक गेले. ते गिर्यारोहक नव्हते, ट्रेकरही नव्हते. गाडीने बर्फ बघायला गेलेली माणसं होती. वेळ दुपारी बाराच्या सुमाराची. त्याआधी २३ एप्रिल २०२१ ला उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या सुमना भागात, रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या तळावर बर्फ आला होता. दोन्ही घटना एप्रिलमधल्या आहेत.

वसंतातला बर्फ घड्याळावर चालतो. पहाटे चारला ज्या उतारावर बुटाची टाच रुतत नाही, तोच उतार दुपारी एकला आपल्या वजनाने सुटू शकतो. त्यामुळे तुमच्या हातात मुख्यतः दोनच निर्णय असतात: कुठून जायचं आणि किती वाजता. सामान, ॲप, महागडी जॅकेटं हे सगळं त्यानंतर.

## १. बर्फ का सुटतो, ते आधी समजून घ्या

हिवाळ्यात बर्फाचे थर एकावर एक साचत जातात. मधला एखादा थर कच्चा राहिला की त्यावरची अख्खी लादी एकदम सुटते. वसंतात या भानगडीत पाणी शिरतं. दिवसा ऊन वरचा बर्फ वितळवतं, पाणी खाली झिरपतं, रात्री ते पुन्हा गोठतं. असं बरेच दिवस चाललं की बर्फाचे खडेमिठाएवढे गोल दाणे होतात. हे दाणे गोठलेले असताना एकमेकांना घट्ट धरून असतात. ऊन चढलं की त्यांच्यामधले सांधे विरघळतात आणि उतारावर त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही.

एप्रिल-मेमध्ये प्रामुख्याने चार प्रकार भेटतात.

ओला सुटा बर्फ. एका बिंदूपासून सुरू होतो आणि खाली पंख्यासारखा पसरत जातो. वेग फार नसतो, पण वजन प्रचंड. गुडघ्याएवढा लोंढाही माणसाला ढकलत कड्यावरून खाली नेऊ शकतो.

ओली लादी. झिरपलेलं पाणी आतल्या कच्च्या थरापर्यंत किंवा थेट खालच्या कातळापर्यंत पोहोचतं आणि वरचा सगळा बर्फ एकसंध निघतो. खाली गवत किंवा गुळगुळीत कातळ असेल तर लादी आधी हळूहळू घसरत राहते आणि वरच्या बाजूला आ वासलेली भेग दिसते. अशा भेगेखालून पहाटेसुद्धा जाऊ नका. ती कधी सुटेल याला घड्याळ लागू पडत नाही.

ताज्या बर्फाची कोरडी लादी. पश्चिमी झंझावात मार्च-एप्रिलमध्ये भरपूर बर्फ टाकतात, उंचावर मेमध्येही. एका दिवसात फूटभर बर्फ पडला आणि वर वारा असला तर पुढचे किमान ४८ तास तीव्र उतारांपासून लांब राहायचं. नेमक्या याच काळात आभाळ निळंशार होतं, फोटो सुंदर येतात आणि सगळ्यांना निघायची घाई होते.

छज्जे. धारेवर वाऱ्याने बाहेर काढलेले बर्फाचे छज्जे उन्हाने जड होऊन तुटतात. खालच्या उतारावर आदळले की तोही सोबत घेऊन जातात. धारेवरून चालताना वाटतं त्यापेक्षा बरंच आत चाला. छज्जा तुटतो तेव्हा भेग काठापासून पुष्कळ आत जाते.

## २. मार्ग घरी बसून वाचा

सह्याद्रीने आपल्याला एक सवय लावली आहे: कड्यात नाळ दिसली की वाट सापडली. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट असो की घाटाखालून वर येणारी एखादी बिननावाची घळ, आपण नाळेत शिरतो आणि दगडांवरून वर येतो. बर्फाळ हिमालयात नेमकं उलट करायचं. वरच्या सगळ्या उतारांवरून सुटलेला बर्फ नाळेतूनच खाली येतो. थोडा आला तरी दोन भिंतींमध्ये त्याची खोली वाढते आणि गाडलेला माणूस खूप आत जातो. जिथे पर्याय असेल तिथे सोंड किंवा धार धरा. केदारकंठ्याची (३,८१० मीटर) वाट नवख्यांना तुलनेने बरी मानतात त्याचं एक कारण हे, की शेवटचा बराच चढ धारेवरून आहे. उलट रुपिन पासचा (४,६५० मीटर) शेवटचा टप्पा बर्फाने भरलेल्या नाळेतूनच चढावा लागतो. म्हणून तिथे वेळ पाळणं हा शिस्तीचा नाही, जिवाचा मामला आहे.

गुगल अर्थवर मार्ग उघडा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

उताराचा कोन. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त. हिशोब सोपा आहे: आडवं अंतर १०० मीटर आणि चढ ५८ मीटर, म्हणजे ३० अंश. चढही १०० मीटर असेल तर ४५. प्रत्यक्ष उतारावर काठी बर्फावर आडवी ठेवा, तिच्यावर फोन ठेवा आणि कोन मोजणारं ॲप लावा. चिंब भिजलेला बर्फ ३० अंशांपेक्षा कमी उतारावरूनही वाहतो, त्यामुळे हा आकडा दुपारी तितकासा कामाचा नाही.

डोक्यावर काय आहे. नवखे लोक पायाखालचा उतार बघतात आणि आपण सपाटीवर आहोत म्हणून निर्धास्त होतात. बर्फ वरून येतो. तळातून उताराच्या माथ्याकडे पाहताना नजरेचा कोन २० अंशांहून जास्त असेल तर मोठं हिमस्खलन तुमच्यापर्यंत पोहोचू शकतं. तिथे डबा उघडून बसायचं नाही.

झाडं. दाट देवदारात वरून खालपर्यंत झाडं नसलेला सरळ पट्टा दिसला, भूर्जाची खोडं उताराच्या दिशेने वाकलेली असली किंवा चढाच्या बाजूच्या फांद्याच मोडलेल्या असल्या, तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे. यंदा तिथे काही झालेलं नसेल तरीही.

उताराची दिशा. पूर्वेकडच्या उतारावर सूर्य सगळ्यात आधी येतो, मग दक्षिणेकडे, दुपारी पश्चिमेकडे. आल्प्सविषयीच्या पुस्तकांत ‘उत्तर उतार थंड राहतो’ असं वाचाल. आपल्याकडे ते अर्धंच खरं. मनाली ३२ अंश अक्षांशावर आहे आणि मेच्या मध्यावर तिथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७५ अंशांच्याही वर असतो. त्यामुळे ३० अंशांच्या उत्तर उतारावरही चांगलं ऊन पडतं. एप्रिलच्या सुरुवातीला जो उत्तर उतार दिवसभर टणक असतो, तो मेअखेरीस दुपारी मऊ झालेला सापडतो.

खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं असेल तर पलीकडची दिशा आधी तपासा. पश्चिमेकडून चढलात तर सकाळभर सावलीत असता, बर्फ कडक, सगळे खूष. पलीकडचा पूर्व उतार मात्र सूर्योदयापासून तापतोय आणि तुम्ही तिथे पोहोचणार दहा-अकराला. चढाचा वेग धरून वेळापत्रक आखणाऱ्यांना हा फटका बसतो. वेळ उतारावरून मागे मोजत यायची.

## ३. तारखा ठरवा आणि परतीचं तिकीट सैल ठेवा

माझ्या मते एप्रिल-मेच्या ट्रेकवरचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे परतीचं कन्फर्म तिकीट. बर्फ पडला, लीडर म्हणतो एक दिवस थांबू, आणि गटातला कुणीतरी सांगतो की परवा संध्याकाळी चंदीगडहून गाडी आहे, सोमवारी ऑफिस आहे. मग ‘बघू, निघून तर जाऊ’ सुरू होतं. ट्रेक संपल्यावर किमान दोन दिवस मोकळे ठेवा. कुणी नाक मुरडलं तर त्याला तिकिटाचा खर्च आणि हेलिकॉप्टरचा खर्च शेजारी मांडून दाखवा.

मार्च आणि एप्रिलची सुरुवात म्हणजे उंचावर अजून हिवाळाच. ताजा बर्फ, कोरड्या लाद्या. नवख्यांनी या काळात जंगलरेषेच्या वर तीव्र उतारांवर जाऊच नये. एप्रिलअखेर ते मेचा मध्य हा सगळ्यात फसवा काळ: हिवाळ्याचा साठा जागेवरच असतो आणि त्यात पाणी शिरायला लागलेलं असतं. मेअखेर ते जून बर्फ बराच बसलेला असतो, पण ओढ्यांवरचे बर्फाचे पूल पोकळ होतात. हंप्ता पाससारखा (४,२७० मीटर) ट्रेक बहुतेक संस्था जूनपासून सुरू करतात, ते उगाच नाही.

## ४. संस्थेला विचारायचे प्रश्न

पैसे भरण्याआधी फोन करा आणि हे विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत जास्त सांगून जाते.

- मागे फिरायचा निर्णय गाइड जागेवर घेतो, की ऑफिसला विचारावं लागतं?
- खिंडीच्या दिवशी वळायची वेळ किती? नेमकी सांगा.
- बर्फाळ नाळ ओलांडताना गटाला एकेक करून सोडता की रांगेत?
- गाइडने गिर्यारोहणाचा कोर्स केला आहे का? बचावाचं प्रशिक्षण?
- मागे फिरलो तर पैशांचं काय?

शेवटचा प्रश्न कंजूषपणाचा वाटेल. पण ‘खिंड नक्की करून देतो’ असं वचन देणाऱ्या माणसावर उद्या पहाटे तेच वचन दडपण आणतं. अशा ठिकाणी जाऊ नका. स्थानिक गाइड मात्र घ्याच. कुठल्या नाळेत दरवर्षी कधी बर्फ येतो, हे त्या खोऱ्यातल्या मेंढपाळांना जितकं माहीत असतं तितकं कुठल्याच नकाशात नसतं. गढवालात कुणी ‘आगे ग्लेशियर आया है’ म्हणालं तर ते बऱ्याचदा नाळेत उतरलेल्या हिमस्खलनाच्या ढिगाबद्दल बोलत असतात. कधी आलं आणि वर अजून किती बाकी आहे, ते खोदून विचारा.

## ५. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांचं फार काही नाही:

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, दोन झेरॉक्ससह
- वैद्यकीय प्रमाणपत्र (संस्थेच्या नमुन्यावर, डॉक्टरच्या शिक्क्यासह)
- वनखात्याचा परवाना, सीमाभागात असेल तर इनर लाइन परमिट
- विमा पॉलिसीची प्रत
- मार्ग, मुक्काम आणि परतायची तारीख लिहिलेला कागद. एक प्रत घरी, एक पायथ्याच्या गावात.

विम्यात एकच गोष्ट बघा: किती उंचीपर्यंत लागू आहे आणि बर्फावरचा ट्रेक ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेला तर नाही ना. अनेक साध्या प्रवास विम्यांत तो वगळलेला असतो.

सामानात नेहमीच्या यादीशिवाय:

- मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर चढवायच्या छोट्या खिळ्यांच्या साखळ्या (कडक बर्फावर पहाटे यांच्याशिवाय निघू नका)
- गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण), गडद गॉगल, दोन काठ्या
- हेडटॉर्च, जादा सेलसह
- शिट्टी
- गटात किमान दोन आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुदळ) आणि धातूचं फावडं. प्लॅस्टिकचं फावडं हिमस्खलनाच्या ढिगात पहिल्या दोन घावांत मोडतं.

ज्यांचा स्कीइंगचा किंवा तीव्र उतारांवर जायचा बेत आहे त्यांच्याकडे तीन वस्तू हव्यातच: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं यंत्र), किमान २४० सेंटीमीटरचा प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब सळई) आणि फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे. तुमच्याकडचं सामान दुसऱ्याला वाचवतं, तुम्हाला नाही. ट्रान्सीव्हर जॅकेटच्या आत बांधा आणि त्यात साधे अल्कलाइन सेल घाला. फोन त्याच्यापासून २० सेंटीमीटर लांब ठेवा, शोध घेताना ५० सेंटीमीटर. नाहीतर सिग्नल बिघडतो. गुलमर्गसारख्या ठिकाणी ही उपकरणं भाड्याने मिळतात. सुट्टीतल्या साध्या ट्रेकवर बहुतेक कुणाकडेच नसतात. म्हणजे तिथे गाडले गेल्यावर शोधायचं साधन नाही, हे धरूनच चालायचं.

एक सापळा परदेशात राहणाऱ्या मंडळींसाठी. सुट्टीला भारतात येताना तिथला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सोबत आणू नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावरच अटक झाल्याची उदाहरणं आहेत.

## ६. इशारे कुठे बघायचे

भारतात हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची डीजीआरई ही चंदीगडची संस्था तयार करते. पूर्वी हे काम ‘सासे’ या नावाने चालायचं. इशारे राज्य आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेमार्फत जिल्हावार प्रसिद्ध होतात, साधारण ‘अमुक जिल्ह्यात २,५०० मीटरच्या वर धोका’ अशा भाषेत. त्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज येतो, तुमच्या नाळेचा नाही. ‘मध्यम’ धोका वाचून हायसं वाटून घेऊ नका. त्या पातळीलाही माणसं मरतात.

हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज निघण्याआधी तीन दिवस रोज बघा आणि वहीत टिपून ठेवा: किती पडलं, वारा कुठून, रात्री आभाळ होतं का. वर नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि गेल्या तीन दिवसांचा इतिहास उद्याच्या अंदाजाइतकाच कामाचा असतो. उंचावर बर्फावर पाऊस पडला असेल, तर थांबा. पाऊस उन्हापेक्षा फार वेगाने थर सैल करतो.

## ७. पहाटेची तपासणी

हा टप्पा नीट शिका. तीन-साडेतीनला तंबूबाहेर पडलात की आधी वर बघा. चांदण्या लख्ख असतील तर बर्फाने रात्रभर उष्णता वर सोडली आहे. हवा शून्याच्या किंचित वर असली तरी तो गोठलेला असतो. ढग असतील तर उलटं: थंडी वाजत असली तरी बर्फ नीट गोठलेला नसतो.

मग तंबूपासून थोडं चढावर जा आणि टाच जोरात मारा. खणखणीत आवाज आला आणि टाच जेमतेम उमटली तर ठीक. तेवढ्यावर थांबू नका. आइस ॲक्सने कवच फोडा आणि जाडी बघा. हाताच्या पंजाएवढं, म्हणजे दहा सेंटीमीटर तरी, कडक कवच हवं. वर दोन-तीन सेंटीमीटरचं कवच आणि खाली ओला भुसभुशीत बर्फ, हा सगळ्यात फसवा प्रकार. बुटाला कडक लागतो आणि सूर्य आल्यावर तासाभरात सगळा आधार जातो. खालचा बर्फ मुठीत दाबा. बोटांमधून पाणी ठिबकलं तर आज खिंड नाही. चहा करा, झोपा.

मेच्या मध्यावर हिमाचलात खिंडीच्या दिवसाचा हिशोब साधारण असा ठेवा: तीन-साडेतीनला निघणं, आठ-साडेआठपर्यंत माथा, साडेदहापर्यंत तीव्र उतारांवरून खाली, बारापर्यंत तंबू. साडेनऊला माथा दिसत असला तरी हाताला लागला नसेल तर वळायचं. सिक्कीम-अरुणाचलात हाच हिशोब पाऊण तास आधी धरा. घड्याळ तेच, पण सूर्य तिकडे लवकर येतो.

चालताना बर्फ स्वतः सांगत असतो. वरून छोटे गोळे घरंगळत येऊन रेषा ओढायला लागले, कातळाभोवतीचा बर्फ सुटून ओला दिसू लागला, पाय घोट्याच्या वर रुतायला लागला, की तुम्हाला उशीर झालेला आहे. पायाखालून ‘धुप्’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली तर आल्या पावली मागे, त्यावर गटात चर्चा करायची नाही. आणि समोरच्या तशाच उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं तर यापेक्षा मोठा पुरावा नाही. गंमत म्हणजे लोक त्याचा व्हिडिओ काढतात आणि पुढे चालायला लागतात.

## ८. संशयित उतार ओलांडताना

ओलांडणं टाळता येत नसेल तर एकेकाने जायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून जाणाऱ्याकडे बघत राहायचं. गप्पा नाहीत, फोन नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावा, टोपी-हातमोजे घाला. थांबायचं ते पलीकडच्या सोंडेवर किंवा मोठ्या कातळाआड. मधे दम लागला तरी चालत राहा. नाळेच्या मधोमध उभं राहून रील काढणाऱ्याला तिथे ओरडू नका, पुढच्या ट्रेकला बोलावू नका.

सर पासवरून (सुमारे ४,२०० मीटर) बिस्केरीकडे उतरताना बर्फावरून बसून घसरत जाणं हा अनेकांच्या ट्रेकचा सर्वोच्च क्षण असतो. मजा येतेच. पण घसरण्याआधी तळ दिसतो का बघा, पायातले मायक्रोस्पाइक्स काढा (अडकले की घोटा गेला) आणि आधीचा माणूस बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याने निघू नका. ऊन चढल्यावर दहा-वीस जणांनी एकामागून एक तोच ओला उतार खरवडला की तो सुटायला निमित्त मिळतं.

## ९. बर्फाचे पूल

मे-जूनमध्ये ओढे-नाले हिमस्खलनाच्या जुन्या ढिगांनी झाकलेले असतात आणि वाट त्यावरूनच जाते. खालून पाणी सतत बर्फ खात असतं. काठावरचं तोंड बघा: कमान पातळ दिसतेय का, मधे खळगा पडलाय का, रंग मळकट होऊन ओलसर झालाय का? काठीने टोचत, एकेकाने, पहाटेच ओलांडा. पाण्याचा आवाज पायाखाली स्पष्ट ऐकू आला तर वरच्या बाजूला जाऊन दुसरी जागा शोधा. खेचरं सकाळी गेली म्हणून दुपारी आपणही जाऊ, हा हिशोब चालत नाही.

## १०. तंबू कुठे लावायचा

२८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी हिमस्खलन सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर आलं. ५४ जण सापडले, त्यातले आठ दगावले. चालताना आपण धोक्याखाली काही मिनिटं असतो, मुक्कामात बारा तास. पाण्याजवळची सपाट, गवताळ, सुंदर जागा बऱ्याचदा नाळेच्या तोंडाशीच असते. आजूबाजूला बर्फात रुतलेल्या मोडक्या फांद्या, दगड-माती मिसळलेले मळकट ढीग दिसले तर पाणी लांबून आणावं लागलं तरी हलायचं. जुनी मोठी झाडं किंवा सोंडेचा उंचवटा शोधा.

## ११. तरीही घडलंच तर

सापडलात तर ओरडा, बाजूला पळायचा प्रयत्न करा, हाताला लागेल ते धरा. लोंढा मंदावतोय असं वाटलं की हात तोंडासमोर आणा आणि श्वासाला जागा करा. थांबल्यावर ओला बर्फ इतका घट्ट होतो की बोटही हलत नाही.

वाचलेल्यांनी पहिल्या मिनिटात ठरवायचं: वरून अजून काही येण्यासारखं आहे का? एकाने पहारा द्यायचा. माणूस शेवटचा जिथे दिसला ती जागा काठी रोवून पक्की करा. तिथून खालच्या बाजूला शोधा. हातमोजा, टोपी, काठी काही वर दिसतंय का? ट्रान्सीव्हर असतील तर सगळे शोधाच्या स्थितीत. नसतील तर काठ्यांच्या चकत्या काढून ढिगात टोचत जा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात. पस्तीस मिनिटांनी तीनच. म्हणून मदत आणायला लगेच खाली पळू नका. त्या वेळी तुम्हीच मदत आहात. नेटवर्क असेल तर ११२, किंवा राज्य आपत्ती कक्षाचा १०७०, जिल्ह्याचा १०७७.

प्रोब लागला की तो तसाच ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणत आत जा. वरून खणलं तर आपलंच वजन गाडलेल्या माणसाच्या छातीवर येतं. चेहरा मोकळा होताच तोंडातला बर्फ काढा आणि श्वास बघा. हलवताना आडवंच ठेवा, अंग कोरडं करा, अलगद हाताळा. थंडीने गारठलेलं हृदय धसक्याने थांबू शकतं.

## १२. शिकायचं असेल तर

वर लिहिलेलं वाचून कळतं, पण ट्रान्सीव्हर शोधणं, आइस ॲक्सने घसरण थांबवणं हे हातांना शिकवावं लागतं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि पहलगामची जवाहर संस्था बेसिक कोर्स घेतात. कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. ॲडव्हान्स केल्यावर शोध आणि बचावाचा वेगळा कोर्स करता येतो. कोर्स झाला म्हणजे बर्फ ओळख दाखवतो असं नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर ॲडव्हान्स कोर्सच्या तुकडीवर हिमस्खलन आलं आणि पंचवीसहून अधिक जण गेले.

मे-जूनच्या तुकड्या सगळ्यात लवकर भरतात. पुढच्या सुट्टीसाठी जायचं असेल तर संस्थेच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक आत्ताच बघा, वयाची अट तपासा, आणि फॉर्मसोबत लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र त्यांच्याच छापील नमुन्यावर घ्या. दुसऱ्या कागदावर आणलं तर परत पाठवतात.